'रेक 2': सील केलेल्या इमारतीला पडलेली तीन भोकं

भयपटाचा दुसरा भाग काढायचा म्हटलं की दोन सोप्या वाटा असतात. जागा बदला, नाहीतर मुडद्यांचा आकडा वाढवा. झाउमे बालागेरो आणि पाको प्लाझा या स्पॅनिश जोडीनं 2009 साली 'रेक 2' आणला तेव्हा जागा बदलायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. बार्सिलोनातली तीच इमारत, तोच जिना, तीच रात्र. 2007 चा पहिला भाग जिथे संपतो, तिथून थोड्याच वेळात दुसरा सुरू होतो.

यात मोठी अडचण आहे. पहिला भाग पाहिलेल्याला इमारतीचा नकाशा पाठ असतो. खाली लॉबी, मधोमध जिना, वर कुलूपबंद पेंटहाउस. कुठून काय अंगावर येणार याचा त्याला अंदाज असतो. मग त्याला पुन्हा घाबरवायचं कसं? या दोघांनी काढलेला तोडगा मला आजही फार हुशारीचा वाटतो. त्यांनी सील केलेल्या इमारतीला भोकं पाडली. चित्रपटाचे सरळसरळ तीन तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात बंदोबस्त एका नव्या जागी फुटतो. पुढे दोन्ही भागांचे शेवट उघड केले आहेत, त्यामुळे पाहायचे असतील तर आधी पाहून या.

पहिल्या भागातलं लागेल तेवढंच सांगतो. टीव्हीची बातमीदार आंखेला विदाल (मानुएला वेलास्को) आणि तिचा कॅमेरामन रात्रपाळीच्या अग्निशमन जवानांसोबत कार्यक्रम शूट करत असतात. एका म्हातारीच्या फ्लॅटमधून किंकाळ्या येताहेत म्हणून बोलावणं येतं. जवान जातात, मागोमाग कॅमेरा जातो. म्हातारी चावते. तोवर बाहेरून दार बंद झालेलं असतं, खिडक्यांवर प्लास्टिक चढत असतं आणि आतल्यांना कुणी काही सांगत नाही. पुढे संरक्षक पोशाखातला आरोग्य निरीक्षक आत येतो. लक्षणं किती वेळात दिसतील हे रक्तगटावर अवलंबून आहे, असं तो सांगतो. शेवटी पेंटहाउसमध्ये उलगडा होतो. व्हॅटिकनशी संबंधित आल्बेल्दा नावाच्या पाद्र्यानं पोर्तुगालमधली एक झपाटलेली मुलगी, ट्रिस्ताना मेदेइरोस, इथे आणून कोंडली होती. झपाटण्यामागचं एंझाइम वेगळं काढायचं आणि त्यावर उतारा शोधायचा, असा त्याचा बेत. ते एंझाइम बदललं आणि संसर्गजन्य झालं. मग कॅमेऱ्याचा दिवा जातो, नाइट मोड लागतो आणि हिरव्या अंधारात मेदेइरोस दिसते. ही भूमिका खाविएर बोतेत या पुरुष नटाची. मार्फान सिंड्रोम या जनुकीय विकारामुळे त्याची उंची दोन मीटरच्या आसपास आणि हातपाय, बोटं विलक्षण लांब. मेकअपवाल्याचं अर्धं काम निसर्गानंच करून ठेवलेलं. आंखेलाला कुणीतरी अंधारात ओढून नेतं आणि पहिला भाग संपतो.

आता बंदोबस्ताकडे वळू. संसर्ग कोंडून ठेवण्याची सगळ्यात कडक व्यवस्था म्हणजे बीएसएल-4 प्रयोगशाळा. आपल्याकडे राष्ट्रीय विषाणू संस्थेची अशी प्रयोगशाळा पुण्यात, पाषाणला आहे. अशा ठिकाणी आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. कुठे फट राहिलीच तर हवा बाहेरून आत येते, आतून बाहेर जात नाही. बाहेर सोडायची हवा हेपा फिल्टरमधून, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीतून, गाळूनच जाते. काम करणाऱ्याच्या सूटमध्ये मात्र दाब जास्त असतो, त्यामुळे सूट फाटला तर हवा बाहेर फुसफुसते, आत शिरत नाही. दोन दारं एकमेकांना अशी जोडलेली असतात की एक उघडं असताना दुसरं उघडतच नाही. बाहेर पडताना सूटसकट रसायनाच्या शॉवरखाली उभं राहावं लागतं. आणि मोरीतून जाणारं पाणीसुद्धा उष्णतेनं किंवा रसायनानं निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडत नाहीत.

आल्बेल्दानं काय केलं? इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, लोक राहत असलेल्या फ्लॅटांच्या डोक्यावर, एका साध्या कुलपामागे पेशंट झीरो, म्हणजे साथीची पहिली रुग्ण, ठेवली. खालच्या बिऱ्हाडांशी सामाईक पाइप, सामाईक डक्ट, सामाईक जिना. गिरगावातल्या जुन्या इमारतींत एका घरातली फोडणी तिन्ही मजल्यांवर कळते ना, तशीच ही रचना. मधला जिना धुराड्यासारखा काम करतो, गरम हवा वर चढते आणि खालून नवी ओढली जाते. लाळेतून आणि चाव्यातूनच पसरणाऱ्या रोगाला हवेचा एवढा विचार करायची गरज नाही, हे खरं. पण बदललेलं एंझाइम फ्लूसारखं पसरतं असं पहिल्या भागातच सुचवलेलं आहे, आणि पुढे पटकथा ते सोयीस्करपणे विसरते. रक्तगटाचं प्रकरणही असंच हवेत विरतं. दुसऱ्या भागात कुणी कुणाचा रक्तगट विचारत नाही.

बाहेरच्या यंत्रणेनंही एक मूलभूत घोळ घातलाय. आजारी माणसाला वेगळं ठेवणं ही एक गोष्ट आणि संपर्कात आलेल्या पण अजून धडधाकट असलेल्याला निरीक्षणाखाली ठेवणं ही दुसरी. क्वारंटाइन दुसऱ्या प्रकाराला म्हणतात. दोघांना एकाच छताखाली, एकाच जिन्यावर कोंडलं की निरीक्षणाखालचे लोक रांगेनं आजाऱ्यांत जमा होतात. फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाच्या बंदरात थांबवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावर 3,711 माणसं होती आणि त्यातल्या 712 जणांना कोविड झाल्याचं निष्पन्न झालं. प्रवासी केबिनमध्ये बसून राहिले, पण त्यांना जेवण पोचवणारे कर्मचारी एकत्र राहत, एकत्र जेवत होते. चित्रपटवाल्यांना हे आधीच कळलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना फक्त लोक एका जिन्यावर हवे होते.

पहिलं भोक पडतं ते पुढच्याच दारानं, तेही अधिकृतपणे. स्पॅनिश पोलिसांच्या 'जेओ' या विशेष पथकाचे चार जण आत जातात. (हे पथक खरं आहे, 1978 पासूनचं.) सोबत आरोग्य खात्याचा म्हणून आलेला डॉ. ओवेन (जोनाथन मेलर). दार पुन्हा बंद होतं आणि नियम सांगितला जातो: ओवेनच्या आवाजातली परवानगी मिळाल्याशिवाय कुणीही बाहेर येणार नाही. थोड्याच वेळात उघड होतं की ओवेन डॉक्टर नाही, पाद्री आहे. त्याला हवंय मेदेइरोसचं रक्त.

कॅमेऱ्यांची गंमत इथे सुरू होते. पहिल्या भागात एक कॅमेरा होता. इथे पथकातला रोसो मुख्य कॅमेरा धरतो आणि बाकीच्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांची चित्रंही त्याच्याकडे येतात. रोसोचं काम करणारा पाब्लो रोसो हा दोन्ही भागांचा खराखुरा छायालेखक. पहिल्या भागातला कॅमेरामन पाब्लोही तोच होता. कॅमेरा धरणारं पात्र आणि कॅमेरा धरणारा माणूस एकच असला की एक फायदा होतो. घाबरल्यावर हात कसा हलतो ते अभिनय करून दाखवावं लागत नाही, आणि हलवायचं म्हणून हलवलेला कॅमेरा प्रेक्षक अर्ध्या मिनिटात ओळखतो.

हेल्मेट कॅमेऱ्याचा स्वभाव हातातल्या कॅमेऱ्यापेक्षा अगदी वेगळा आहे. हातातला कॅमेरा माणूस जे पाहायचंय तिकडे वळवतो आणि पळताना तो खाली जातो. हेल्मेटवरचा कॅमेरा डोकं जाईल तिकडे जातो, आणि माणूस डोकं न वळवता नुसते डोळे फिरवतो तेव्हा कॅमेरा भलतीकडेच पाहत राहतो. त्यामुळे धोका चौकटीच्या कडेला असतो आणि पथकातल्याला तो दिसलेला असतो, आपल्याला नाही. बंदूक उचलली की नळी चौकटीत खालून येते आणि कॉम्प्युटर गेमची आठवण होते. चित्रपट हा खेळ जाणूनबुजून खेळतो. सगळ्यात चांगलं वापरलंय ते पथकातल्या लारा या जवानाच्या बाबतीत. तो बाकीच्यांपासून तुटतो, एका खोलीत अडकतो आणि संसर्ग होण्यापेक्षा स्वतःवर गोळी झाडतो. हे सगळं त्याच्याच डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून. चेहरा दिसत नाही, श्वास ऐकू येतो. दुसऱ्या कुठल्याही कोनातून हा प्रसंग इतका जड झाला नसता.

स्वतः काही शूट करायच्या विचारात असणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. कॅमेरे वाढवले की आवाजही तितकेच वेगळे लागतात. हेल्मेटच्या मायक्रोफोनमध्ये धारकाचा श्वास आणि पट्ट्यांची करकर सगळ्यात जवळ येते, समोरच्याचं बोलणं लांबून. घरगुती कॅमेऱ्यात आवाजाची पातळी आपोआप ठरते, म्हणून मोठा धमाका झाला की सगळंच क्षणभर दबतं आणि मग पाठीमागची खरखर हळूहळू वर चढते. हे नंतर मिक्सिंगमध्ये नकली करता येतं, पण प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळं करावं लागतं. सगळ्यांना एकच स्वच्छ आवाज लावला तर चित्र कितीही हललं तरी स्टुडिओ ऐकू येतो.

रक्ताच्या नमुन्यावर मात्र कुठल्याही लॅब टेक्निशियननं कपाळावर हात मारावा. पेंटहाउसमध्ये एक कुपी सापडते. ती खरी आहे का हे पाहायला ओवेन तिच्यावर प्रार्थना म्हणतो, रक्त पेट घेतं आणि कुपी वाया जाते. जगातला एकमेव नमुना, आणि तपासणीसाठी तो अख्खाच्या अख्खा वापरला! प्रयोगशाळेत नमुना आला की पहिलं काम म्हणजे त्याचे छोटे वाटे करणं. एक तपासणीला, एक फेरतपासणीला, उरलेले गोठवून राखीव. एक वाटा फुटला, सांडला किंवा दूषित झाला तरी काम थांबत नाही. धोकादायक नमुन्याची वाहतूकही तीन थरांत होते. न गळणारी कुपी, तिच्याभोवती द्रव शोषणारं साहित्य, मग न गळणारा दुसरा डबा आणि बाहेर मजबूत खोकं. त्यावर यूएन 2814 हा माणसाला घातक संसर्गजन्य पदार्थांचा क्रमांक. ओवेनकडे जपमाळ आहे, क्रूस आहे, दुसरी कुपी नाही. अर्थात पटकथेच्या दृष्टीनं हे फायद्याचंच ठरलं. कुपी टिकली असती तर सगळे अर्ध्या तासात बाहेर पडले असते. ती गेल्यामुळे रक्त आता खुद्द मेदेइरोसकडूनच घ्यायला हवं.

दुसरं भोक गटाराचं. पथकाचा कॅमेरा बिघडतो आणि चित्रपट मागे जातो. शेजारच्या गच्चीवर तीन पोरं, तितो, ओरी आणि मिरे, घरगुती कॅमेरा घेऊन फुगवायच्या बाहुलीला फटाके बांधण्याचे उद्योग करताहेत. खाली पोलिसांचा गराडा. तेवढ्यात त्यांना एक बाप आणि एक अग्निशमन जवान चोरून भुयारी गटारातून आत शिरताना दिसतात. पहिल्या भागात जेनिफर नावाची तापलेली मुलगी होती, तिचाच हा बाप. औषध आणायला बाहेर गेला होता, परत आला तर घराला सील. पोरं मागोमाग आत जातात आणि मग पोलीस ती वाट मागून बंद करतात.

कोंडायच्या व्यवस्थेत सगळ्यात आधी विसरली जाते ती मोरी, आणि चित्रपटानं नेमकं तेच पकडलंय. दारं, खिडक्या दिसतात म्हणून त्यांना सील लागतं. जमिनीखालच्या वाटेचा नकाशा महापालिकेकडे असतो, बंदोबस्तावरच्या पोलिसाकडे नसतो. बाप घुसतो तोही खलनायक म्हणून नाही. त्याच्या खिशात लेकीचं औषध आहे. बंदोबस्त मोडणारे बहुतेक लोक असेच असतात, आणि दोरी बांधून पोलीस उभा केला की असा माणूस दुसरी वाट शोधतो. आतल्याशी बोलायची सोय करून दिली असती, औषध आत पोचवायची खिडकी ठेवली असती, तर हे भोक पडलंच नसतं. पटकथेत हे कुणी बोलून दाखवत नाही, पण रचनेतच ते आहे.

असं असूनही मधला हा तुकडा सगळ्यात कमजोर आहे. कारणं दोन. पथकाच्या भागात वेग चढलेला असताना चित्रपट थांबतो, मागे जातो आणि तीन नव्या माणसांची ओळख करून देतो, जी आवडावीत अशी सोय केलेलीच नाही. दुसरं कारण गणिताचं. पोरं आत शिरेपर्यंत पथक आत पोचलंय आणि दोघांची गाठ पडणार हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे मधली पळापळ ही ठरलेल्या स्टेशनापर्यंतचा प्रवास होते. हा काळ मागे नेण्याचा डाव जमवायचा तर दुसऱ्या कॅमेऱ्यानं पहिल्या प्रसंगाचा अर्थ बदलायला हवा. इथे तो एकदाच जरा बदलतो. पथकानं गोळ्या घातलेला माणूस कोण होता, हे कळतं तेव्हा. बाकी वेळ नुसती भर.

तितोला चावा बसतो आणि ओवेन त्याला बांधून उलटतपासणी घेतो. अंगात आलेल्याला प्रश्न विचारावेत तशी. दोन्ही भागांचा सांधा इथे कळतो. पहिल्या भागात रोग आधी होता, झपाटणं शेवटच्या काही मिनिटांत आलं. दुसऱ्यात झपाटणं उघड आहे आणि ते रोगासारखं पसरतं. बरेच चाहते यावर नाराज आहेत, विषाणूचं भय जास्त खरं होतं असं त्यांचं म्हणणं. मला उलट वाटतं. विषाणूला हेतू नसतो, त्यामुळे तो फक्त चावेल. इथल्या शक्तीला बाहेर पडायचंय, ती वाट पाहू शकते, खोटं बोलू शकते. बंद जागेच्या गोष्टीत शत्रूला बुद्धी मिळाली की दाराची किंमत वाढते.

आता अंधार. शेवटच्या तुकड्यात आंखेला सापडते, जिवंत, आणि तिचा कॅमेराही. उजेडात जे नसतं ते अंधारात, नाइट मोडमध्ये दिसतं, असा शोध लागतो. दिवे घालवले की दार दिसतं, दिवे लावले की नाही. मेदेइरोसपर्यंत पोचायचं तर टॉर्च बंद ठेवूनच जायला हवं. भयपटात माणूस दिवा का लावत नाही, हा प्रेक्षकांचा जुना वैताग. त्याचं याहून चोख उत्तर मी पाहिलेलं नाही.

तांत्रिक बाजूनं थोडं थांबायला हवं, कारण नाइट मोडचं यंत्र समजलं की तो प्रसंग असा का दिसतो ते कळतं. कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला माणसाच्या डोळ्यापलीकडचं, 700 नॅनोमीटरच्या पुढचं इन्फ्रारेडही दिसतं. एरवी रंग बिघडू नयेत म्हणून सेन्सरपुढे ते अडवणारा फिल्टर असतो. सोनीनं 1998 च्या सुमारास घरगुती कॅमेऱ्यांत नाइटशॉट आणलं, त्यात कळ दाबली की तो फिल्टर बाजूला सरकतो आणि कॅमेऱ्यावरचे छोटे इन्फ्रारेड दिवे लागतात. म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीनं तिथे अंधार नसतोच. चित्र हिरवट, त्वचा मेणासारखी, बुबुळं चमकणारी. पण ते छोटे दिवे दोन-तीन मीटरच्या पुढे पोचत नाहीत. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. एक मीटरवर जेवढा पडतो त्याच्या चौथा हिस्सा दोन मीटरवर, सोळावा चार मीटरवर. म्हणून आंखेलाचा चेहरा लख्ख आणि तिच्या मागची भिंत गायब. तिला काहीच दिसत नाही, आपल्याला फक्त हातभर दिसतं आणि मेदेइरोस त्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात फिरते.

हे घरी करून पाहायचं असेल तर आधी कॅमेरा तपासा. टीव्हीचा रिमोट भिंगासमोर धरून बटण दाबा. टोकाचा दिवा पडद्यावर जांभळट-पांढरा चमकला तर सेन्सरपर्यंत इन्फ्रारेड पोचतंय. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात ते दिसत नाही, पुढच्यात दिसू शकतं. इन्फ्रारेड दिवे विकत घेताना 850 आणि 940 नॅनोमीटर असे दोन प्रकार मिळतात. सेन्सरला 850 चा उजेड जास्त दिसतो, पण त्याचे दाणे डोळ्यांनाही मंद लाल दिसतात, त्यामुळे आरसा किंवा काच समोर असेल तर ते टिपले जातात. 940 पूर्ण अदृश्य, मात्र चित्र काळपट येतं आणि पल्ला कमी. आणखी एक घोटाळा हमखास होतो. काळं कापड इन्फ्रारेडमध्ये काळं राहीलच असं नाही, काही रंगांचे काळे कपडे करडे किंवा फिके दिसतात. भुताचा काळा झगा आधी कॅमेऱ्यातून पाहून मगच शिवायला टाका.

तिसरं भोक आवाजाचं, आणि शेवट तिथेच बांधलाय. आंखेला मेदेइरोसवर बंदूक चालवते. मेदेइरोस मेली. पण ओवेनला जिवंत रक्त हवं होतं, त्यामुळे तो बाहेर पडायची परवानगी द्यायला नकार देतो. मग आंखेलाचं खरं रूप कळतं. पहिल्या भागाच्या शेवटी तिला ओढून नेल्यावर मेदेइरोसनं स्वतःच्या तोंडातून एक लांब, किड्यासारखा जीव तिच्या तोंडात सोडला होता. ओवेन मरतो आणि आंखेला त्याच्याच आवाजात रेडिओवरून बाहेर पडायची परवानगी देते.

सुरुवातीला सांगितलेला नियम शेवटी असा वसूल होतो. सुरक्षेच्या भाषेत म्हणायचं तर कुलूप एकाच किल्लीचं होतं. एक माणूस, एक आवाज, दुसरी कसलीच खातरजमा नाही. सांकेतिक शब्द नाही, प्रत्येक वेळी बदलणारा प्रश्न नाही, दारावर चेहरा पाहायची पद्धत नाही. बँकेचं लॉकर उघडायलासुद्धा तुमची किल्ली आणि बँकेची किल्ली अशा दोन लागतात. शिवाय ही एकमेव परवानगी देणारा माणूस धोक्याच्या आतल्या बाजूला पाठवला! तो दबावाखाली येईल, त्याला संसर्ग होईल किंवा तो मरेल, यातलं काहीही झालं तर बाहेरच्यांना कळायचा मार्गच नाही. किल्ली कायम बाहेर ठेवायची असते. पहिल्या भागात ती बाहेर होती म्हणून आतले तडफडले, दुसऱ्या भागात ती आत गेली म्हणून बंदोबस्त संपला.

तुलनेसाठी अमेरिकन फांदीकडे एक नजर टाकायला हरकत नाही. 2008 मध्ये जॉन एरिक डाउडलनं पहिल्या 'रेक'चा रीमेक 'क्वारंटाइन' केला. धर्माचा भाग काढून टाकला आणि रेबीजचा मुद्दाम घडवलेला प्रकार, असं कारण दिलं. 2011 मध्ये जॉन पोगनं त्याचा दुसरा भाग काढला, 'क्वारंटाइन 2: टर्मिनल'. त्याचा 'रेक 2'शी कथेचा काहीही संबंध नाही. त्यात विमान आहे, विमानतळ आहे आणि पात्रांच्या हातातला कॅमेरा नाही. विमानातला सुरुवातीचा भाग चांगला जमलाय, कारण तिथे जाऊन जाऊन जाणार कुठे. पण सगळे लवकरच खाली उतरतात, आणि विमानतळ ही मुळात लोकांना बाहेर काढायला बांधलेली वास्तू. चारी बाजूंनी दारं, रॅम्प, सामानाचे पट्टे. तिथे माणसं कोंडलेली वाटावीत म्हणून दर दहा मिनिटांनी एक नवं कुलूप दाखवावं लागतं. कॅमेरा पात्राच्या हातात नसल्यामुळे चौकटीबाहेर काय आहे याची धास्तीही जाते.

आणि रेबीजचं नाव घेतलंच आहे म्हणून थोडं विषयांतर. खऱ्या रेबीजमध्ये चाव्यानंतर काही मिनिटांत कुणी पिसाळत नाही. विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकतो आणि लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षसुद्धा. हा मधला वेळच जीव वाचवतो. कुत्रं चावलं तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवायची, चुना-हळद काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. चावा खोल असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही देतात. लक्षणं सुरू झाल्यावर मात्र जवळपास कुणीच वाचत नाही, त्यामुळे कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवू आणि मग पाहू, असं म्हणत लस लांबवू नका.

पाहण्याबद्दल थोडं. दोन्ही 'रेक' एका बैठकीत पाहा, मिळून पावणेतीन तासांच्या आसपास होतात. मधे चहाची सुट्टी घेतलीत तर दुसऱ्याची पहिली दहा मिनिटं फुकट जातील, कारण तो पहिल्याच्या शेवटच्या क्षणावरच सुरू होतो. मूळ स्पॅनिशमध्ये, सबटायटल लावून पाहा. डबिंगमध्ये तितोच्या तोंडचा आवाज आणि शेवटचा आवाजाचा डाव दोन्ही सपक होतात. हेडफोन असतील तर उत्तम, जिन्यावरचा आवाज वरून येतोय की खालून, हे ऐकूनच कळतं. पडद्याची ब्राइटनेस वाढवू नका. नाइट मोडच्या प्रसंगात काळा भाग करडा झाला की मेदेइरोस वेळेआधी दिसते आणि मजा जाते.

पुढचे दोन भाग दोघांनी वाटून घेतले. 2012 चा तिसरा एकट्या प्लाझाचा, त्यात लग्नाचा हॉल आहे आणि थोड्या वेळानं हातातला कॅमेरा सोडून दिलाय. विनोदाची फोडणी ज्यांना चालते त्यांना तो आवडेल. 2014 चा चौथा बालागेरोचा, जहाजावरचा, आंखेलाची गोष्ट पुढे नेणारा. तिच्या पोटातल्या जीवाचं काय झालं एवढंच जाणून घ्यायचं असेल तर तिसरा गाळून थेट चौथा लावला तरी चालतो.